सहा नंबरच्या मशीनवरचं लंडन

नारायण पेठेतल्या त्या सायबर कॅफेच्या दाराला दोन पाट्या होत्या. पहिली, ‘१ ते ४ बंद. दार वाजवू नये.’ दुसरी, ‘वोलोलो ओरडू नये. वर माणसं राहतात.’ दुसरी पाटी ज्यांच्यामुळं लागली त्या आठ जणांत मी होतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या राज्य उभारून लढायच्या कॉम्प्युटर गेमच्या पहिल्या भागातला पुजारी शत्रूचा शिपाई आपल्याकडं वळवताना जे म्हणतो ते वोलोलो. दुसऱ्या भागात चॅटमध्ये ३० टाइप केलं की तेच ऐकू यायचं. आम्हाला टाइप करण्यापेक्षा ओरडणं सोपं पडायचं.

हा गट २००६ च्या पावसाळ्यात फुटला, आणि फुटला तो तिसऱ्या भागावरून. पुढं चौदा वर्षं आम्ही आठ जण एकत्र खेळलो नाही. कारण विचारलं तर प्रत्येक जण आजही वेगळं सांगतो : ग्राफिक्स, पैसे, कार्डं, इतिहास, माज. माज हा शब्द माझ्यासाठी आहे आणि तो बरोबर आहे, पण त्याकडं नंतर येतो.

‘एज थ्री’वरून जगभर जी भांडणं झाली तीच आमच्याकडं आठ खुर्च्यांवर झाली. जागा एवढीशी असल्यामुळं कोण नक्की कशावर चिडलं होतं हे शोधून काढता येतं, म्हणून हे प्रकरण लिहितोय. आठांपैकी पाच जणांशी आणि कॅफेच्या काकांशी पुन्हा बोललो. नावं कुणाचीच घालत नाही; तेव्हाही आम्ही एकमेकांना गावावरून नाहीतर पेठेवरून हाक मारायचो.

आधीची घडी

आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जायची. संध्याकाळी ती आली की आम्ही कॅफेत, हे २००३ पासून ठरलेलं. आठ मशीन, वेगळं ग्राफिक्स कार्ड एकातही नाही, ताशी पंधरा रुपये. ‘एज टू’ १९९९ चा. १६६ मेगाहर्ट्झचा पेन्टियम आणि ३२ एमबी रॅम एवढीच त्याची मागणी. काकांची मशीन कितीही रडकी असली तरी एवढं पुरवायची. गेम कुठल्या सीडीवरून चढवला हे विचारायचं नाही, असा एक अलिखित नियम होता. काकांनी त्याची मात्र पाटी लावली नव्हती.

मॅप ब्लॅक फॉरेस्ट, चार विरुद्ध चार, पहिला अर्धा तास कुणी कुणावर चालून जायचं नाही. हा ‘नो रश’चा करार मोडणाऱ्याला चॅटमधलं अकरा नंबरचं ते खदाखदा हसणं सगळे मिळून ऐकवायचे, आणि पुढच्या चहाचे पैसे त्याच्याकडं.

आमच्यात सगळ्यांत पुढं वाईचा. हात काही वेगवान नव्हता त्याचा. माऊस असा धरायचा की जणू चटका बसतोय. पण लंबर कॅम्प, म्हणजे तोडलेलं लाकूड जमा करायचा तळ, कुठं टाकायचा हे त्याच्यासारखं कुणाला कळत नव्हतं. हे जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं अर्धं प्रकरण त्यातच आहे.

टूमध्ये व्हिलेजर, म्हणजे आपला कामकरी, एका खेपेला दहा लाकडं तोडतो. मग ती खांद्यावर घेऊन कॅम्पपर्यंत चालत जातो, टाकतो आणि परत येतो. कॅम्प बांधायला शंभर लाकडं लागतात. तो झाडाला खेटून बांधला तर खेप दोन पावलांची होते, आणि थोडा अलीकडं पडला तर व्हिलेजरचा निम्मा वेळ चालण्यात जातो. शिवाय झाडं तुटतील तसं रान मागं सरकतं. आत्ता खेटून असलेला कॅम्प दहा मिनिटांनी लांब पडतो, आणि तोवर तुम्ही लढाईत गुंतलेले असता. वाईचा लढाईच्या ऐन मध्यावर स्क्रीन रानाकडं न्यायचा, नवा कॅम्प टाकायचा, आठ व्हिलेजर तिकडं वळवायचा आणि परत यायचा. त्याच्या घरचा ऊस. तो म्हणायचा, “फडापासून गाडी लांब लावली की मुकादम शिव्या घालतो. तुम्ही समदे गाडी घरापाशी लावता अन् म्हणता लाकूड का कमी.” सोन्याचं तेच, दगडाचं तेच. रानडुकराला एक बाण मारून त्याला टाउन सेंटरपर्यंत पळवत आणायचं आणि तिथं सगळ्यांनी मिळून मारायचं, म्हणजे ३४० अन्न दारात. यात चुकलं तर डुक्कर आपला व्हिलेजर मारतं. वाईच्याचा व्हिलेजर डुकरानं मारलेला मी तीन वर्षांत एकदाच पाहिला, तेही त्याला मागून कुणीतरी गुदगुल्या केल्या म्हणून.

तर सांगायचं असं की या गेमात बसल्याबसल्या एक कष्टाचा हिशेब होता, आणि आमच्यातला सगळ्यांत चांगला खेळाडू त्या हिशेबावर जिंकायचा.

थ्री आला

टेक्सासमधल्या एन्सेम्बल स्टुडिओजनं ऑक्टोबर २००५ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स थ्री’ आणला. काळ पुढं सरकला होता : १५०० ते १८५० च्या आसपास, युरोपातल्या आठ सत्ता आणि अमेरिकेची भूमी. खाली पडणारा तोफेचा गोळा उडी घेत पुढं जायचा, वाटेतले शिपाई हवेत उडायचे, घराचा कोपरा ढासळून त्याच्या फळ्या वेगवेगळ्या पडायच्या. पाणी तर असं की कोथरूडचा पहिल्या दिवशी पाच मिनिटं नुसतं जहाज फिरवत बसला होता. त्याच्या घरी ग्राफिक्स कार्ड होतं. त्यानंच काकांच्या मागं लकडा लावला.

थ्रीला किमान ६४ एमबीचं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. टूचं काम दोन एमबीत भागायचं. काकांनी हिशेब करून पाच ते आठ नंबरच्या चारच मशीनमध्ये कार्डं बसवली आणि त्यांचा दर केला पंचवीस रुपये. म्हणजे आठ जणांचा खेळ चारांवर आला. मग नियम निघाला : दोन विरुद्ध दोन, हरणारी जोडी उठेल, बाहेर बसलेली आत येईल. मी सहा नंबरला बसलो कारण पंख्याचा वारा तिथंच लागायचा. आणि हळूहळू असं व्हायला लागलं की मी उठेनासाच झालो. जोडीदार बदलायचे, मी तिथंच.

गेम बदलला होता आणि चांगलाच बदलला होता. लंबर कॅम्प गेले. व्हिलेजर झाडावर कुऱ्हाड मारतो आणि लाकूड थेट तुमच्या खात्यात पडतं; वाहून न्यायचं काही नाही. दगड हा प्रकारच काढून टाकला. अन्न, लाकूड आणि नाणी एवढंच उरलं. त्या बदल्यात आली होम सिटी, म्हणजे मायदेशातली राजधानी. इंग्रजांचं लंडन तसं प्रत्येकाचं आपापलं शहर. लढता-बांधता अनुभवाचे गुण जमतात, आणि पुरेसे झाले की राजधानीकडून एक खेप मागवायची : तीन व्हिलेजर, ७०० लाकूड, काही शिपाई, एखादी सुधारणा. कुठल्या खेपा मागवता येतील हे खेळाआधी कार्डांचा डेक, म्हणजे निवडक कार्डांचा संच, लावून ठरवायचं.

मला हे आवडलं, आजही आवडतं. चालून जायचं की तग धरायचा हे सामना सुरू व्हायच्या आधीच डेक लावताना ठरवावं लागतं, आणि समोरच्याचा बेत ओळखला नाही की आपला डेक गळ्यात येतो. टूमध्ये पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांची सारखीच जायची. थ्रीमध्ये दुसऱ्या मिनिटापासून दोन माणसं दोन वेगळे खेळ खेळायची. डच व्हिलेजर घेतात ते नाणी मोजून, ऑटोमन व्हिलेजर फुकट आणि आपोआप निघतात, इंग्रजांनी घर बांधलं की त्यातून एक व्हिलेजर बाहेर येतो. टूमधल्या जमातींत इतका फरक कधीच नव्हता.

वाईच्याचं मत पहिल्या दिवशीच झालं. अर्धा तास खेळला, उठला, म्हणाला, “ह्यात काम कुठंय?” आम्ही हसलो. त्याला कार्डं जमत नाहीत म्हणून बोलतोय असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि त्यालाही.

कुणाचं काय दुखत होतं

आठ जणांची कुरकुर तेव्हा एकाच सुरात व्हायची : ‘थ्री बकवास आहे’ किंवा ‘टू म्हाताऱ्यांचा आहे’. आता एकेकाशी निवांत बोलल्यावर दिसतं की बोलत होतो एकाच गेमबद्दल, पण प्रत्येकाच्या पोटात दुखणारी जागा वेगळी होती.

धाकटा अकरावीत होता, भावाबरोबर यायचा. त्याचा प्रश्न फक्त दहा रुपयांचा होता. पंचवीस रुपये देऊन अर्धा वेळ बाहेरच्या बाकावर बसायचं हे त्याला परवडत नव्हतं. पण हे बोलायची लाज, म्हणून तो ‘ग्राफिक्स फार कार्टून आहे’ असं म्हणायचा. मी त्याच्याशी या कार्टूनवर तासन्‌तास वाद घातलाय.

एक जण इतिहासात एम.ए. करत होता. तो म्हणायचा, १५०० ते १८५० घ्यायचं आणि त्यात हिंदुस्थान नाही? पेशव्यांनी वसवलेल्या पेठेत बसून आपण लंडन वाढवायचं? हे त्याचं बोलणं तेव्हा विनोद म्हणून खपलं. २००७ मध्ये ‘द एशियन डायनॅस्टीज’ नावाची थ्रीची जोड, म्हणजे गेमात नवी भर, आली आणि तीत भारतीय सत्ता आली, राजधानी दिल्ली. त्यानं ती एकट्यानं खेळून पाहिली. शिपाई, राजपूत, गुरखा, हौद्याचे हत्ती, मनसबदार हे सगळे होते. गाई मारून खाता येत नाहीत, त्या एका पवित्र कुरणात ठेवून अनुभवाचे गुण मिळवायचे, हेही होतं. फौजेच्या यादीत मराठे मात्र नाहीत. आणि गंमत अशी की भक्ती नावाच्या देवळाशी मैत्री केली की वाघनखं घातलेले लढवय्ये मिळतात. मोहीम १८५७ ची, नायकाचं नाव नानिब साहिर. “नानासाहेबांना ढवळून पुन्हा ओतलेत,” असं तो म्हणतो. त्याची तक्रार खरी होती पण ती गेमाच्या विषयाबद्दल होती, खेळण्याबद्दल नाही; तो थ्री उत्तम खेळायचा.

वाईच्याची तक्रार खेळण्याबद्दलच होती, आणि तीच आम्ही सगळ्यांत कमी ऐकली.

सहा नंबर

जुलै २००६ मधला एक गुरुवार. बाहेर धो धो पाऊस, कॅफेत ओल्या रेनकोटचा वास. धाकटा सात नंबरवर माझ्या शेजारी बसलेला, या वेळी माझाच जोडीदार. माझ्या स्क्रीनकडं बघत त्यानं विचारलं, “दादा, तुझ्याकडं हे कार्ड आहे. माझ्याकडं का नाही? मीपण लंडनच घेतलंय.”

मी म्हटलं, तुझी लेव्हल कमी असेल. तो म्हणाला, माझी एक आहे. म्हटलं, मागच्या आठवड्यात किती होती? म्हणे, एकच. त्याच्या मागच्या आठवड्यातही एकच.

थ्रीची एक गोष्ट सांगायची राहिली. सामना संपला की होम सिटी संपत नाही. जिंका किंवा हरा, मिळालेला अनुभव राजधानीला जमा होतो, तिची लेव्हल वाढते, दर लेव्हलला नवं कार्ड उघडतं. काही दमदार कार्डं दहाव्या, पंचविसाव्या लेव्हलनंतरच मिळायची. राजधानी नटवायलाही मिळायची. रस्त्यावर वादक आणा, घरांना रंग द्या. घरी एकट्यानं खेळणाऱ्याला ही मोठी गोडी : आपलं शहर, आपण वाढवलेलं. लॅनवर, म्हणजे कॅफेतली मशीन एकमेकांना जोडून, खेळताना ही राजधानी ज्या मशीनवर वाढवली त्याच मशीनच्या डिस्कवर राहायची.

आणि काकांनी व्हायरसच्या भीतीनं सगळ्या मशीनवर एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. मशीन बंद करून चालू केलं की डिस्क पुन्हा जशीच्या तशी कोरी. गिऱ्हाइकानं दिवसभर काय घोळ घातला याचा मागमूस नाही. फक्त एका मशीनवर ते नव्हतं, कारण त्यावर सकाळी काका स्वतः कॅफेचा हिशेब लिहायचे. ते सहा नंबर.

माझं लंडन ४७ व्या लेव्हलला होतं. बाकी सगळे दर गुरुवारी एकपासून सुरू करायचे.

हे लक्षात यायला आठ महिने का लागले, असा प्रश्न कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारलाय. आठांतले तिघं तर पुढं कॉम्प्युटरचं शिकलेले. मला वाटतं, टूनं आम्हाला सवय लावली होती. त्यात प्रत्येक सामना तीन व्हिलेजर आणि एका स्काउटपासून सुरू होतो, काल काय झालं याचा आज काही संबंध नसतो. हरलो म्हणजे आज वाईट खेळलो, एवढंच आमच्या डोक्यात बसलेलं. गेम बदलला तरी हरण्याचा अर्थ आम्ही जुनाच धरून बसलो होतो. म्हणून सहा जण मनात म्हणत होते की हा गेम आपल्याला जमत नाही, म्हणजे गेमच भिकार. आणि मी म्हणत होतो की मला फार जमतो.

काकांना परवा हे सांगितलं तर ते म्हणाले, “अरे मग सांगायचं नाही का? सहा नंबरवर मी स्वतः बसलो असतो की.”

नोटपॅड

पुढच्या गुरुवारी कोथरूडच्यानं पेनड्राइव्ह आणला. घरच्या मशीनवर त्यानं शोधलं होतं : माय डॉक्युमेंट्समध्ये गेमाचं फोल्डर, त्यात सेव्हगेम, त्यात होम सिटीची फाइल. ती खिशात घालून आणायची, कॅफेत आल्यावर जागेवर ठेवायची, जाताना परत घेऊन जायची. त्याचं पॅरिस त्या दिवशी २० वर होतं आणि किल्ल्यांच्या जुडग्याला लटकत होतं.

त्याहून पुढची गोष्ट इतिहासवाल्याला सुचली. ती फाइल साध्या मजकुराची आहे, नोटपॅडमध्ये उघडते. लेव्हलपुढं जो आकडा आहे तो पुसून दुसरा लिहिला तर? लिहिला. चालला. पाच मिनिटांत धाकट्याच्या लंडनची लेव्हल माझ्यापेक्षा जास्त झाली.

त्या रात्री जो सामना झाला तो आमच्या थ्रीच्या काळातला सगळ्यांत चांगला सामना होता, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. चौघांकडं सगळी कार्डं. धाकट्यानं नवव्या मिनिटाला घोडदळ आणून माझे बारा व्हिलेजर कापले. थ्रीमध्ये कॅम्पाभोवती जमायचं नसल्यामुळं ते रानभर पसरलेले होते आणि मला ते वाचवता आले नाहीत. मी हरलो, आणि कित्येक आठवड्यांनी उठून बाकावर जाऊन बसलो.

बाकावर वाईचा होता. त्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तो म्हणाला, “नोटपॅडमधीच वाढवायचं असंल शहर, तर खेळायचं कशाला?”

नंतर अमृततुल्यमध्ये आठ जणांची सभा भरली. तीन मार्ग होते. एक, सहा नंबरवरही ते सॉफ्टवेअर टाकायचं आणि सगळ्यांनी कायम एकपासून खेळायचं. दोन, एकच भरलेली फाइल सगळ्या मशीनवर टाकायची. तीन, परत टू. पहिले दोन्ही मार्ग न्याय्य होते. दोन्हींना मी विरोध केला. म्हणालो की हे शहर मी कमावलंय, आठ महिने लावलेत, ते मी पुसू कशाला? आणि तुम्ही आकडा लिहून माझ्या बरोबरीला कसे येता? वर हेही म्हणालो की ज्यांना नवीन शिकायचं नाही त्यांनी खुशाल लाकडं वाहावीत. हे वाक्य वाईच्याकडं बघून होतं.

तो बशीतला चहा संपवेपर्यंत काही बोलला नाही. मग आपले पैसे टेबलावर ठेवून गेला. पुढच्या गुरुवारी एक ते चार नंबरवर चार जण टू खेळत होते, आणि पाच ते आठवर आम्ही थ्री. मधे दोन फुटांची वाट. दिवाळीपर्यंत दोन्हीकडचे एकेक करत यायचे थांबले. कॅफेही पुढं बंद पडला; तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

पुढं जगात काय झालं

थ्री पडला असं कुणी म्हणू नये. २००७ च्या मेपर्यंत त्याच्या वीस लाखांवर प्रती खपल्या होत्या. ऑक्टोबर २००६ च्या ‘द वॉरचीफ्स’ या जोडीत ‘ट्रीटी’ नावाचा प्रकार आला : ठरलेली मिनिटं संपेपर्यंत हल्ला करताच येत नाही. नारायण पेठेतला नो रशचा करार गेमातच बसवला गेला, पण तेव्हा तो पाळायला आमच्यात माणसं उरली नव्हती. जानेवारी २००९ मध्ये एन्सेम्बल बंद झालं.

मग टू उठला. २०१३ मध्ये एचडी, २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन (दोन्ही जुन्याच गेमाच्या नव्यानं घडवलेल्या आवृत्त्या), एकामागून एक जोडण्या, २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’. थ्रीलाही ऑक्टोबर २०२० मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन मिळाली, आणि तीत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून बदललेली होती : सगळी कार्डं सगळ्यांना उघडी. राजधानीची लेव्हल उरली ती सजावटीपुरती. अमृततुल्यमधला मार्ग नंबर दोन. ती बातमी वाचली तेव्हा मी मोबाइल उलटा ठेवला आणि थोडा वेळ कुणाशी बोललो नाही.

वाईच्याच्या तक्रारीचा निकाल त्यानंतर वर्षानं लागला. ऑक्टोबर २०२१ च्या चौथ्या भागात लंबर कॅम्प परत आले, दगड परत आला, होम सिटी आणि डेक गायब. मालिकेतल्या एखाद्या भागानं आणलेला बदल टिकण्यासारखा होता का, हे मी त्याच मालिकेच्या पुढच्या भागावरून ठरवतो. ‘सिव्हिलायझेशन’ या दुसऱ्या गेममालिकेच्या पाचव्या भागानं २०१० मध्ये नकाशावरच्या एका घरात एकच लढाऊ तुकडी असा नियम आणला तेव्हा त्याच्यावरही जुने खेळाडू असेच तुटून पडले होते, पण सहाव्या भागानं तो नियम ठेवला. थ्रीच्या कार्डांना हे भाग्य लाभलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये थ्रीची पुढची, डेन्मार्क आणि पोलंडची, जोडणीही रद्द केल्याचं जाहीर झालं.

तरी मी एवढ्यावर थ्रीला दोषी धरणार नाही. कार्डं काढली म्हणजे कार्डं वाईट होती असं होत नाही. माझ्या मते त्या मालिकेत डेक लावण्याइतका डोक्याला खुराक देणारा दुसरा बदल झाला नाही. दोष एकाच जागी होता : घरी एकट्यानं खेळणाऱ्याला खूश करणारी वाढती राजधानी त्यांनी चारचौघांच्या सामन्यातही तशीच आणली. आमच्याकडं काकांच्या त्या सॉफ्टवेअरमुळं तो दोष भिंगाखाली धरल्यासारखा मोठा झाला, आणि मी पंख्याखाली बसून त्याचं कौतुक करत राहिलो. दहा रुपये, लंडनचा राग आणि ग्राफिक्स हे सगळं त्याच्या आडोशाला उभं होतं. वाईच्याचं दुखणं मात्र त्या दोषाखाली येत नाही. कार्डं उघडी केली म्हणून त्याच्या खेपा परत येणार नव्हत्या. ती उणीव नव्हती. तो एक वेगळा खेळ होता आणि त्याला तो नको होता. हे त्यानं पहिल्याच दिवशी तीन शब्दांत सांगितलं होतं.

टूही आता सोवळा राहिलेला नाही. मे २०२५ च्या ‘थ्री किंगडम्स’मध्ये नेहमीच्या सामन्यांतही हिरो आले, त्यावर वाईच्याचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज माझ्याकडं आहे.

परत

लॉकडाऊनमध्ये धाकट्यानं व्हॉट्सॲपवर आठ जणांचा ग्रुप काढला. तो आता बंगलोरला असतो आणि ताशी पंचवीस रुपयांचं त्याला काही वाटत नाही. आधी टूच खेळलो. मी त्या अमृततुल्यमधल्या वाक्याबद्दल वाईच्याची माफी मागितली. तो म्हणाला, “कुठलं वाक्य?” मग थोड्या वेळानं, “लाकडं वाहायचं ना? हां.”

गेल्या दिवाळीत कोथरूडच्याच्या घरी पाच लॅपटॉप जमले. चकली, चहा, वर कुणी राहत नसल्यामुळं वोलोलो. एक सामना थ्रीचा खेळायचा असं ठरलं, डेफिनिटिव्ह, सगळ्यांना सगळी कार्डं. वाईचा कुरकुरत बसला, इंग्रज घेतले, डेक न बघताच ‘ओके’ केलं. थ्रीमध्ये गिरणी म्हणजे अन्न काढायची जागा, शेतासारखी. बांधायला ४०० लाकडं पडतात आणि ती कुठंही बांधली तरी चालते. टूमध्ये ती बेरीच्या झुडपांना खेटून बांधतात, टोपल्या लवकर रित्या व्हाव्यात म्हणून. दहाव्या मिनिटाला मी त्याच्या स्क्रीनवर डोकावलो. त्याचे पाच व्हिलेजर बेरी तोडत होते, आणि झुडपांना अगदी चिकटून, मधे एक घर सोडायलाही जागा न ठेवता, गिरणी उभी होती.

“अरे, इथं तिचा काही उपयोग नाही,” मी म्हटलं. “बेरी थेट खात्यात जातात.”

“माहितीय,” तो म्हणाला. “असू दे तिथंच.”